तिकिटाएवढं

छत्री माझ्या हातात होती, म्हणजे मी तिथंच होतो.
ड्रमकीराच्या पोस्टातला तारवाला पोऱ्या, वय चौदा,
आणि छत्रीखाली पोस्टमास्तरीण मिस लेटिशिया पेडन,
ऑगस्टातही लोकरी कोट,
मुठीत चौकटींचं निशाण,
नजर रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर.
पट्टा तिनंच रंगवलेला, आदल्या रात्री, दोनदा,
कारण पहिल्या हातावरून कुणाची तरी मेंढरं गेली.

शेवटची फेरी. डेअरीच्या वळणावरून
आधी आवाज आला, मग एरंडेलाचा जळका वास,
मग दोघं एकदम,
सतरा नंबर विल्बर्ट गॉल्ट, चार नंबर युनन टोनर,
कोपराला कोपर, हनुवटी टाकीवर,
कुंपणाची पानं ओरबाडत.
आमच्या अल्स्टरात नाव सांगितलं की चर्च कळतं.
त्या वर्षी तर नाव विचारण्याआधी लोक मागं वळून बघायचे.
शर्यतीच्या दिवशी मात्र सगळे एकाच बांधावर,
एकाच किटलीतला चहा.

निशाण पडलं.
"चार," ती म्हणाली,
पार्सलाचं वजन सांगावं तशी.

गॉल्टच्या मेव्हण्यानं पाच पौंड लिफाफ्यात घातले,
तक्रार नोंदवली.
आठवड्यानं डेअरीच्या हापिसात पंच बसले, तिघं,
लोण्याच्या खोक्यांवर कोपरं टेकून.
टेबलावर दोन फोटो.
एक शाळामास्तरचा, रस्त्याच्या या कडेनं: गॉल्ट पुढं.
एक खाटकाच्या मुलीचा, त्या कडेनं: टोनर पुढं.
दोन्ही खरे. दोन्ही तिरके.
पट्ट्याच्या रेषेत नेमकं उभं असलेलं
तिच्याखेरीज कुणी नव्हतं.
आणि मी.

"पोरा, तू पाहिलंस?"
खरं सांगायचं तर
ते आवाज अंगावर आले तेव्हा
मी डोळे गच्च मिटले होते.
उघडले तेव्हा धूर होता, आणि तिचा कोट.
"हो," मी म्हणालो. "चार."

पाच पौंड जप्त झाले.

शर्यतीच्या दिवशी गाव फुटलं ते कडेवरून,
कोण कुठं उभं होतं त्यावरून.
मग हळूहळू, रविवारी कोण कुठं गुडघे टेकतं त्यावरून.
तिच्याच चर्चमधल्या बायका
तिच्या बाकावर बसेनात.
पलीकडचे टोपी काढून नमस्कार करू लागले,
म्हणू लागले, बाई दिलाची मोठी,
आपल्या माणसाला बाजूला सारून तिनं आमच्याला दिलं.
हे तिला जास्त लागलं.
"दिलं?" ती शिक्का आपटत म्हणाली,
"मी काय वाटायला बसले होते?"
त्या दिवशीच्या सगळ्या पत्रांवर
शिक्का दोनदा उमटलाय.

पुढच्या वर्षी निशाण दुसऱ्या कुणाकडं गेलं.
पट्टा मात्र तीच रंगवायची, न सांगता.

डिसेंबरात, दुकानं बंद व्हायच्या सुमारास,
युनन टोनर आला. कप जिंकलेला.
कॅनडातल्या बहिणीला कार्ड पाठवायचं होतं.
कार्ड काउंटरवर ठेवलं, पण हात उचलेना.
"बाई," तो म्हणाला, "मला काचेतून फक्त पाणी दिसत होतं.
विल्बर्ट कुठं होता, मला कळलंच नाही.
कप घरात आहे, पण मी त्याच्याकडं पाठ करून जेवतो.
किती अंतर होतं?"

मी मागं थैल्या बांधत होतो. गाठ हातातच राहिली.

तिनं तिकिटांचा ताव उघडला,
टोकाचं एक तिकीट सावकाश फाडलं,
त्याच्यापुढं सरकवलं.
"इतकं."

त्यानं ते बोटावर घेतलं,
दिव्याखाली धरलं,
आडवं केलं, उभं केलं.
मग अगदी हळू, चोरानं विचारावं तसं:
"लांबीनं, की रुंदीनं?"

मिस पेडननं तोंड उघडलं.
बाहेर कुणाची तरी मोटारसायकल
थंडीत सुरू होत नव्हती,
किक, किक, किक.
तिनं माझ्याकडं पाहिलं.