सात पूर्णांक चार

पहाटे साडेपाचला मोरजीतल्या या पाण्यात
कुणीच नसतं. एक बेडूक, तोही बाहेरून आलेला.
त्याला जाळीत धरून माडाच्या मुळाशी सोडतो
आणि कोपरापर्यंत हात बुडवून नळी भरतो.
वरवरचं पाणी खरं बोलत नाही.

एका नळीत नारिंगी. दुसरीत जांभळा.
या जांभळ्यावर माझा विश्वास नाही,
एवढं क्लोरीन असलं की लाल औषधसुद्धा
घाबरून भलताच रंग सांगतं.

काल रविवार. बसमधून चाळीस पोरं उतरली,
संध्याकाळी ऑलिंडा काउंटरवरून धावत आली:
गेस्ट म्हणतात वास मारतो, कमी कर.
पात्रांवही म्हणाला, कमी कर.
मी मान हलवली
आणि रात्री अकराला, पंपाचा आवाज ऐकत,
दोन किलो जास्त टाकलं.

वास जास्तीचा नसतो, बाय.
कमी पडल्याचा असतो.
घामाशी, मुताशी झुंजून दमलेलं क्लोरीन
असं घाण मारतं. पुरेसं असलं
तर ते आहे हे नाकाला कळतही नाही.

सहाला लुदमिला बाई टॉवेल घेऊन हजर.
मी साखळीकडे बोट दाखवतो, मग नऊ बोटं.
ती रागावत नाही. खुर्ची ओढते,
हवा हुंगते, म्हणते, आज वास नाही.
मी फिल्टर उलटा धुवायला घेतो. काचेतलं पाणी
आधी चहा, मग ताक, मग काहीच नाही.

आई आगरवाड्याला मिठागरात होती.
कुंडीत बोट बुडवून जिभेला लावायची,
म्हणायची, अजून दोन दिवस.
तिचं कधी चुकलं नाही. एकदाच चुकलं,
त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला
आणि सगळं मीठ शापोऱ्यात परत गेलं.
तेव्हा ती बांधावर बसून हसली होती,
अजून कळलं नाही का.

नऊला पुन्हा लाल औषधाचे पाच थेंब.
नळी पांढऱ्या भिंतीपुढे धरतो:
लाल पेरूच्या गराचा रंग.
साखळी काढतो. लुदमिला बाई
शिडीनं उतरते, पाण्याला न दुखवता.

रजिस्टरात तारीख, वेळ, सात पूर्णांक चार.
शेऱ्याचा रकाना रोज रिकामाच जातो.
आज लिहितो:
बेडूक, एक. जिवंत.