सातवा रकाना

फेब्रुवारीत दहिसर नदी सलग राहत नाही.
डोह, मग कोरडे धोंडे, मग पुन्हा डोह,
बोलता बोलता कुणी विसरावं
आणि मध्येच आठवावं, तशी.

माझा डोह तिसरा, उंबराखालचा.
अकरा वर्षं, दर पंधरवड्याला, सकाळी साडेसहा.
आधी तापमान. मग पाण्यातला प्राणवायू;
त्याचं यंत्र दर हिवाळ्यात बिघडतं
आणि दुरुस्तीचा अर्ज
कुठल्याशा टेबलावर धापा टाकत पडतो.
बिबटे मोजणाऱ्यांना जीप मिळते.
मला बादली.

मग पाग. एक पदर डाव्या खांद्यावर, एक शिसं दातांत,
कंबरेतून वळायचं आणि सोडून द्यायचं.
पाण्यावर ते ताटासारखं गोल पडलं पाहिजे.
माझं भाकरीसारखं पडतं, जयवंती म्हणते,
तीही नव्यानं शिकणाऱ्या पोरीची.

दांडवण एकवीस.
डोकऱ्या चार, त्यातला शेपूट फाटलेला मागच्या वेळचाच.
शिंगटी दोन. काटा अंगठ्यात, नेहमीप्रमाणे.
मळ्या एक.
तिलापिया मोजू नये असं वाटतं. मोजते. त्रेसष्ट.
आणि एक काळा, खरबरीत, काच चाटणारा,
बोरिवलीच्या कुणा दिवाणखान्यातून
टाकी विकताना इथे आणून सोडलेला.
पुण्य लागलं असेल त्यांना.

सातवा रकाना मुरीचा.
बोटभर मासा, अंगावर वाळूचे पट्टे,
दगडाखाली राहणारा, कुठल्याच बाजारात भाव नसलेला.
नऊ वर्षं तिथे शून्य.
शून्य म्हणजे शोधलं, मिळालं नाही.
शोधलंच नाही तर रेघ मारायची.
हा फरक मी दरवर्षी नव्या पोरांना फळ्यावर शिकवते
आणि खडू ठेवताना वाटतं,
काहीतरी सांगायचं राहिलं.

शेवटची मुरी माझ्याकडे आहे.
कपाटात, दुसऱ्या फळीवर, फॉर्मालिनमध्ये,
पट्टे उडालेली, लेबलावर माझंच अक्षर.
तेव्हा ठाऊक नव्हतं ती शेवटची.
ठाऊक असतं तर?
बाटली पुसताना मी हे विचारत नाही.

आज जयवंती वरठा धोंड्यावर बसून
खोइनीच्या कामट्या आवळत होती.
वही मिटता मिटता मी म्हणाले, मुरी संपली गं.
तिने वर पाहिलं नाही.
"हाय की."
कुठे?
"हाय."
कधी दिसली?
"दिवाळीच्या मागं. खोइनीत आलती दोन. सोडली."
मग मला का नाही सांगितलंस?
तिने कामटीचं टोक दातांनी तोडलं,
बाजूला थुंकली.
"तू बाटलीत घातली असती."

पाण्यावर एक निवळी फिरत राहिली,
जिथे होती तिथेच.
मी वही पुन्हा उघडली.
कुणीतरी पाहिलं, माझ्यापासून लपवलं,
आणि बरं केलं,
याची खूण आमच्या पद्धतीत नाही.
पेन्सिल बराच वेळ सातव्या रकान्यावर धरली.
कोरा ठेवला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
वरिष्ठ विचारतील. विचारू देत.

बादली तिरकी करून सगळे परत सोडले.
तिलापिया तेवढा जयवंतीच्या पिशवीत,
हा आमचा जुना करार.
काळ्याचं काय करायचं ते तिलाही सुचलं नाही.
तो बादलीत राहिला, तळाला तोंड लावून.

निघताना उंबराच्या मुळाशी एक सपाट दगड दिसला,
खाली थोडं गार, वाहतं पाणी.
एका हाताने उचलला असता.

नाही उचलला.
पलीकडच्या काठापर्यंत पाय मात्र
इतके जपून टाकले
की जयवंती हसली,
"काटा लागला का गं?"