दोघी, दाभोळ जेटी

त्र्याहत्तरची फियाट, अठ्ठ्याऐंशीची मारुती,
हनीफ परकारच्या माडाखाली शेजारी.

फियाटचं दार लागतं
पोस्टाचा शिक्का पडावा तसं.
मारुतीचं – डब्याचं झाकण.

फियाटला सलग सीट. पुढे तिघं बसत,
मधल्याच्या मांडीवर बांगड्यांची पिशवी.
मारुतीत मधे हँडब्रेक आला,
माणसं सुटी सुटी बसू लागली.
पण नसीमचाची चिपळूणला एकटी गेली
ती हिच्यातूनच.

हनीफ दाराखाली स्क्रूड्रायव्हर टोचतो.
मारुतीत लगेच आरपार.
फियाटमध्ये जरा जोर लावून.
"खारा वारा कंपनी बघत नाही," म्हणतो,
"जाड पत्र्याला वेळ लागतो, इतकंच."

तिन्हीसांजेला फियाट उठेना.
मारुतीच्या बॅटरीला वायर जोडली.
खोकली, थरथरली, लागली.

दोघींचे दिवे खाडीवर पडले.
सुटलेली फेरीबोट थांबली:
वाटलं असेल,
कुणाला पलीकडे जायचंय.