पाकीट क्रमांक ४१२

वेंगुर्ल्यात, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर
चाळीस वर्षं माझा स्टुडिओ होता.
पुढे पडदा, पडद्यावर काश्मीर,
मागे सात बाय पाचची काळोखी खोली,
लाल बल्बची. तिथे मी एकटाच जायचो.

गावाने मला काय काय दाखवलं
ते गावालाही ठाऊक नाही.
रेडीच्या एका बाईने रोल आणला होता
पाटीतल्या बांगड्यांखाली लपवून.
"भाऊ, ह्ये कोणाक दाखवू नकात."
ट्रेमध्ये हळूहळू वर आली एक पाठ,
पाठीवर पट्ट्याचे वळ.
तीन प्रिंट काढल्या, निगेटिव्ह तिच्या हातात दिलं,
बिघडलेली चौथी चुलीत घातली.
पुढे बाजारात ती
वाट्यात दोन बांगडे जास्त टाकायची
आणि मी तिच्याकडे न बघता पैसे मोजायचो.
न बघणं हाही धंद्याचाच भाग होता.

परवा नात आली, ऋता.
म्हणाली, निगेटिव्हना बुरशी लागलीय आजोबा,
सगळं फोनवर चढवू या.
चार दिवस पडवीत बसून तिने अकरा खोकी उपसली.
मध्येच कुठे तरी लांबलचक अटी आल्या,
तिने माशी हाकलावी तसा अंगठा हलवला:
मान्य.

रात्री अडीचला फोन उजळला.
मी झोपलेला असताना कुणी तरी
माझ्या खोक्यांत बसून माणसं निवडत होतं,
रापणीतली मासळी निवडावी तशी.
नवऱ्या एकीकडे, बारशी एकीकडे, होड्या वेगळ्या.
आणि दोन चेहरे शेजारी ठेवून विचारत होतं:
ही एकच व्यक्ती आहे का?
हो. नाही. खात्री नाही.

डावीकडे जानू कुबल,
मस्कतला जायचं म्हणून काढलेला पासपोर्ट फोटो.
कोट स्टुडिओचा, खांद्यावर मीच बसवलेला.
भुवईतली खाच लपावी म्हणून
मान जराशी वळवली होती.
उजवीकडे पोलिसांसाठी काढलेला,
शिरोड्याच्या वाळूत, दोन दिवस पाण्यात राहिलेला.
"वळाखतंस काय ह्येका?" हवालदाराने विचारलं होतं.
मी म्हटलं, नाही.

का म्हटलं, ते आजही धड सांगता येत नाही.
येताना वाटेत त्याची आई भेटली होती,
"माझ्या जानूचा पत्र इला की दाखवतंय हां तुमका."
मग दर चतुर्थीला ती त्याच फोटोची
नवी कॉपी न्यायला यायची.
मी पैसे घेत नसे.
अकरा वर्षं. मग तीही गेली.

हे माझ्याबरोबर जाणार होतं.
चांगलं होतं की वाईट, ते माझं मी बघणार होतो.
आता ते कुठल्याशा थंड गोदामात ठाऊक आहे,
त्याला भुवईतली खाच कळली,
चतुर्थीला येणारी म्हातारी कळली नाही.
मी दुसऱ्यांदा "नाही" दाबलं.
धन्यवाद, ते म्हणालं,
तुमच्या उत्तरांमुळे आमची ओळख सुधारते.

सकाळी ऋताला म्हटलं, पुसून टाक सगळं.
"पुसलं तरी महिनाभर राहतं."
आणि मग?
तिने चहावर फुंकर मारली.
"मग जात असेल."

जात असेल.

कपाटातून ४१२ काढलं, खिडकीशी धरलं.
निगेटिव्हमध्ये सगळं उलटं:
वाळू काळी, फेसही काळा,
आणि जानूचे केस पांढरेशुभ्र,
म्हातारा होऊन घरी आल्यासारखे.
मागे येऊन ऋताने विचारलं,
हा कोण, आजोबा?
आणि मी तोंड उघडायच्या आत
हातातला फोन तिने पलंगावर ठेवला,
पालथा.