दरडोई

रोज दुपारी दोनला खाणीत सुरुंग उडतो.
मुलं बाकावरच्या पाण्याच्या बाटल्या धरून ठेवतात,
मी अर्ध्या अक्षरावर थांबते,
मग काना देते.

भिंतीला तडा गेला तेव्हा
मुख्याध्यापकांनी त्यावर जगाचा नकाशा लावला.
तडा नकाशाहून लांब निघाला.
ग्रीनलंडमागून शिरतो,
खाली चिलीजवळ बाहेर येतो.

आज त्रिनिदाद.
तिळाएवढं. पेन टेकवलं की झाकलं जातं.
तिथं डांबराचं तळं आहे, मी सांगते,
त्यावर चालतासुद्धा येतं.
ते डांबर जहाजांतून गेलं
आणि कुठल्या कुठल्या शहरांचे रस्ते काळे झाले.
शिवाय तेल, शिवाय गॅस.
दरडोई उत्पन्न आपल्याहून कितीतरी जास्त.
‘जास्त’खाली रेघ मारा.

‘अन् तळ्याच्या काठचे लोक, मॅडम?’
रंजिता टेकाम. तिसरा बाक.

पुस्तकात काठ नव्हता.
रात्री फोनवर वाचलेलं आठवून सांगितलं,
काठच्या गावात जमीन आतल्या आत सरकते,
घरं कलतात,
दारं चौकटीत बसत नाहीत.

‘आमचं कवाड बी लागत नाही,
रातच्यानं दगड लावतो आम्ही,’
मागून कुणी बोललं, आणि वर्ग हसला.
रंजिता हसली नाही.
‘दरडोई म्हंजे?’

सगळ्यांची बेरीज, भागिले डोकी.

तिनं वही उलटी केली. मागच्या पानावर मांडलं.
‘ढुमणेपाटलाची सात एकर गेली,
दोन नोकऱ्या आल्या, एक बोलेरो.
आमची जमीनच नव्हती, तं गेली बी नाही.
आई सायडिंगवर कोळसा झाडते.
भागलं तं आमाले
बोलेरोचं एक चाक येते, मॅडम.’

उत्तर चूक नव्हतं.
फाट्यावर तीन बार झालेत, त्यांचाही भाग द्यायला हवा,
दवाखान्याच्या कुलपाचा,
बोंडातून निघतानाच राखाडी असणाऱ्या कापसाचा,
जो व्यापारी बोटांत चोळतो
आणि काही न बोलता भाव पाडतो.

माझं तिनं विचारलं नाही.
माझा नवरा काटाघरात ट्रक मोजतो.
वणीत आमचा प्लॉट आहे, खाण वाढली तसा
त्याचा दर दुप्पट झाला.
त्या दिवशी आम्ही पेढे आणले होते,
याच वर्गात वाटले.
तिनंही घेतला असेल.

तास संपल्यावर ती नकाशापाशी गेली.
‘कुठं हाये थे?’
मी दाखवलं. तिनं बोट ठेवलं,
बराच वेळ ठेवलं,
जसं आई झोपलेल्या बाळाच्या नाकाशी धरते.
सकाळी सायडिंगवर आईला डबा देऊन आली होती.
बोट काढलं तेव्हा
समुद्रात काळा ठसा राहिला,
बेटाहून मोठा.

दोन वाजले.
नकाशा भिंतीवर एकदा आपटला.
खिळा ढिला झालाय,
उद्या शिपायाला सांगायला हवं.