कळफलक

लुंकड शेठ मोबाइल उलटा करतात,
बॅटरी काढून नखानं ठोकतात, पुन्हा बसवतात.
तापकीर गल्ली, दुपारचे चार.
त्यांचे ओठ म्हणतात, आवाज खणखणीत आहे हो अजून.
मी मान डोलावतो.
असेल.
पंधरा वर्षांत मी तो ऐकलेला नाही,
याचा काय आणि कुणाचा काय.

घेतला तोही इथंच, याच काउंटरवर.
तेव्हाचा पोऱ्या गाणी लावून दाखवत होता, रेडिओ दाखवत होता.
मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि डोळे मिटले.
छापखान्यात एकोणीस वर्षं अक्षरं जुळवलेला माणूस
यंत्र बोटांनीच तपासणार.
पस्तीस कळा. तांदळाएवढ्या, मध्ये किंचित फुगीर.
दाबली की खाली जाते, तळाला टेकते, परत येते
आणि येता येता बोटाला सांगते, लागली.
काचेवर कुणी असं सांगत नाही.
स्पेस जरा सैल. पूर्णविराम अंगठ्याला लांब.
मनात आठ दिले मी, दहापैकी.

मराठी नव्हतीच त्यात. इंग्रजी अक्षरांत कोंबायची.
त्याचे गुण कापायचे राहिले.

हेमांगी तेव्हा भोरला, माहेरी, नववा लागलेला.
तिलाही ऐकू येत नाही,
म्हणून आमच्यात फोन म्हणजे मेसेजच.
रात्री साडेनऊला खिसा थरथरला:
के ए एल. मग ए एल आय.
काल आली.

कोण आली काल? सासवडची मावशी?
मी निवांत बसून टाइप केलं, स्पेलिंग तपासून पाठवलं:
कोण आली?
उत्तर नाही.
वरण गरम केलं. पापड भाजला.
अर्धं ताट संपलं तेव्हा
(मुद्रितं वाचणारा म्हणवतो मी स्वतःला)
कळलं.
काल नव्हे रे.
कळ.

स्वारगेटची शेवटची गाडी गेलेली.
एका दुधाच्या टेम्पोनं घेतलं, मागं, रिकाम्या कॅनांत.
भयंकर वाजत असणार ते,
कात्रजच्या बोगद्यात ड्रायव्हरनं एका कानात बोट घातलेलं दिसलं.
मला फक्त मांडीला समजत होतं,
पत्रा थरथरतोय की मी.

पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं.
हेमांगीनं दमलेल्या हातानं
आधी दुपट्याकडं बोट केलं,
मग माझाच मेसेज खुणांनी मला परत केला:
बघ, कोण आली.

पुढच्या आठवड्यात मी प्रूफाच्या कागदातून
सहा पॉइंटाचा ळ कापला
आणि एलच्या कळीवर खळीनं डकवला, वर पारदर्शक चिकटपट्टी.
ठरलं: दोन एल म्हणजे ळ.
मग बाळ झोपलं, डाळ संपली, नळ गेला, कंटाळा आला,
सगळं दोन दोन एलनं.
भांडणंसुद्धा. पळपुटा म्हणाली होती एकदा,
टायपायला इतकी कळ सोसली बाईनं
की राग धरवेना.

आता लुंकड शेठ त्याच कळीवर नख चालवतात.
हे काय चिकटलंय?
मी त्यांचं मनगट धरतो.
शेजारी मुलगी उभी, तिच्या काचेवर सगळी बाराखडी,
ळ एका बोटावर, फुकट.
तिला चौदावं आहे. घाई आहे.

शेठ पाठकोऱ्या बिलावर लिहून देतात: साडेतीनशे.
खाली मी लिहितो: नऊ.
दहापैकी, असं लिहायचं राहून जातं.
ते हसतात, मान हलवतात, पेन घेतात.
नऊशे कुणी देत नाही भाऊ.
चारशे. शेवटचे.

मी एलवर अंगठा ठेवून उभा.
दाबतो.
खाली जाते, टेकते,
परत येते.