रकाना

वसतिगृहाच्या रजिस्टरात चार रकाने:
ताप, खोकला, उवा, इतर.
'इतर' सगळ्यांत अरुंद, जेमतेम बोटभर,
आणि अल्ताईतली रात्र पंधरा तासांची.

मी दुलामसुरेन.
चव्वेचाळीस पोरांची रात्रपाळी माझ्याकडे.
बाहेर उणे अडतीस.
पहाटे ओल्या चादरी दोरीवर टाकते
तर दहा मिनिटांत त्यांचे पत्रे होतात.
आत आणताना दारात अडकतात, वाजतात,
आणि अख्ख्या वसतिगृहाला कळतं, आज किती.
म्हणून हल्ली मी कोरड्या चादरीही धुते.
मोजा म्हणावं आता.

नेरगुई सहा वर्षांचा.
त्याच्या आधीची दोन गेली, म्हणून हे नाव: निनावी.
मृत्यू हाक मारायला आलाच
तर त्याला नाव सापडू नये.
रोज हजेरीला मी ते मोठ्याने घेते
आणि रोज वाटतं, आपण चुगली तर करत नाही?
त्याच्या उशीखाली आईचा डोईचा रुमाल आहे.
वास संपत आलाय.
तो जपून हुंगतो, रात्रीतून एकदाच,
कंजूष माणसाने दिवा लावावा तसा.

ऑक्टोबरात उलानबातारहून एक बाई आल्या होत्या.
भल्या होत्या. सोबत सात चेहऱ्यांचा तक्ता:
हसरा, रडका, चिडका, आणखी कसले कसले.
"आज तू यातला कोणता?"
नेरगुईने कोपऱ्यात पाठमोरा घोडा काढला.
"हा कुठे चाललाय?"
"चालला नाहीये," तो म्हणाला,
"वाऱ्याकडे पाठ करून उभा आहे."
बाईंनी तो कागद घडी न घालता नेला.

गणिताचे बासनजाव सर
रात्री बॉयलर बघायला येतात.
बॉयलरला वेगळा माणूस आहे,
हे त्यांनाही ठाऊक, मलाही.
गेल्या हिवाळ्यात त्यांच्या भावाचा कळप
उभ्याउभ्या गोठला. सहाशे अकरा.
सर आकडा सांगतात आणि थांबतात,
उत्तर पुन्हा ताडून बघितल्यासारखे.
भाऊ आता शहरात लोकांच्या गाड्या धुतो. फोन उचलत नाही.
दिवसा हेच सर वर्गात ओरडतात:
रडणारं पोर लांडग्याला आधी ऐकू जातं!
मी चहा देते, मीठ जरा जास्त घालून.
काय बोलावं ते मला येत नाही,
माझी शाळा आठवीत सुटली.

एका रात्री नेरगुई झोपेत गुणगुणत होता,
तोइग, तोइग, तोइग,
पिल्लू नाकारणाऱ्या मेंढीपाशी बसून म्हणतात ते.
सर कप हातात तसाच धरून उभे.
"किती वेळा म्हणावं लागतं?"
ठाऊक नसेल असं नाही;
गणितवाला माणूस, आकडा हवा.
म्हटलं, मोजत नाहीत, सर.
तिने कोकरू हुंगेपर्यंत.

मग ते त्या बुटक्या खाटेच्या कडेला बसले,
गुडघे हनुवटीला लागलेले,
आणि बेसूर, अगदी बेसूर आवाजात
तोइग, तोइग,
पोरासाठी की कोणासाठी
मी विचारलं नाही.
चहावर साय धरली.

त्या रात्री 'इतर'मध्ये लिहिलं:
बासनजाव सर. पाऊण तास.
जागा पुरली नाही.
पट्टी घेऊन नवी रेघ मारली, 'उवा'ची जागा खाल्ली.
उवा काय, कुठेही मावतात.
साहेबांनी विचारलं तर बघू.

फेब्रुवारीत पान उलटलं
तर तिथे पेन्सिलीने, अर्धी अक्षरं उलटी,
माझं नाव.
पुढे एकच ओळ:
चादरी कोरड्या होत्या.

कोणाचं अक्षर, शोधलं नाही.
रजिस्टर मिटलं,
मग पुन्हा उघडलं.
बाहेर दोरीवर त्या वाजत होत्या,
सगळ्या, सारख्या.